नवा फोन घ्यायचा आहे, पण कंपनीशी दोन वर्षांचा करार करायचा नाही: मार्ग कोणता?

वर्तकनगरची शिक्षिका, ठाणे

नमस्कार. मी २०१९ साली घेतलेला फोन आजवर सांभाळून वापरला. आता मात्र तो बदलणे भाग आहे, कारण त्याची बॅटरी फुगली असून मागचे झाकण एका बाजूने इतके उचलले गेले आहे की त्या फटीत पोस्टकार्डाची कड सहज जाते. माझा नंबर २००४ पासून तोच आहे. बँक, आधार, भविष्य निर्वाह निधी, शाळेतील पालकांचे गट असे सर्व काही त्याच नंबराला जोडलेले आहे. सध्या हा नंबर माझ्या यजमानांच्या नावावरील कौटुंबिक पोस्टपेड योजनेत आहे. त्या योजनेत चार नंबर असून माझ्या वाट्याला महिन्याला कर वगळून ३०० रुपये येतात.

गेल्या रविवारी गोखले रस्त्यावरील एका दुकानात मी २७,९९९ रुपयांचा एक फोन पसंत केला. विक्रेत्याने तोच फोन २३,९९९ रुपयांना देण्याची तयारी दाखवली. मात्र त्यासाठी माझा नंबर कौटुंबिक योजनेतून बाहेर काढून त्याच कंपनीच्या महिना ७५० रुपये अधिक कराच्या योजनेत टाकावा लागेल आणि ती योजना चोवीस महिने बदलता येणार नाही, अशी अट त्याने घातली. मी नकार देताच तो म्हणाला की जुन्या योजनेतील सिम नव्या ५जी फोनमध्ये नीट चालतच नाही, त्यामुळे आज ना उद्या योजना बदलावीच लागेल. हे खरे आहे का? दुसरा पर्याय म्हणून त्याने नो कॉस्ट ईएमआय सुचवला आहे. तिसरा पर्याय घरचा आहे. न्यू जर्सीतील माझा भाचा डिसेंबरात येणार असून तेथील कंपनीकडून करारावर फोन स्वस्त मिळतो, तो घेऊन येतो असे म्हणतो आहे. या तिन्ही गोष्टींविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. चार हजार रुपये माझ्यासाठी लहान रक्कम नाही, म्हणूनच एवढे विस्ताराने लिहिले आहे.

नौपाड्याचा निवृत्त दूरसंचार कर्मचारी

ताई, बाकी सर्व विषय नंतर. सर्वप्रथम तो फोन चार्जिंगला लावणे थांबवा. फुगलेल्या लिथियम बॅटरीत वायू साठलेला असतो आणि तिला टोचले, दाबले किंवा तापवले तर ती पेट घेऊ शकते. झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका आणि रात्री तो फोन उशाजवळ ठेवू नका. आता त्यात जेवढे चार्जिंग शिल्लक आहे, तेवढ्यात फोटो आणि संपर्क दुसरीकडे उतरवून घ्या.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. फोन ही एक वस्तू आहे आणि नंबर ही दुसरी सेवा आहे. आपल्या देशातील जीएसएम, म्हणजे सिम कार्डावर चालणाऱ्या, सेवेत या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या राहिल्या आहेत. सिम एका फोनमधून काढून दुसऱ्यात घातले की नंबर त्याच्यासोबत जातो; त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही, अर्ज लागत नाही आणि योजनाही बदलावी लागत नाही. याला मोठा अपवाद होता तो सीडीएमए या दुसऱ्या तंत्राचा. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन घरी न्यावा आणि उरलेली रक्कम महिन्याच्या बिलातून फेडावी अशी योजना आणली, तेव्हा ठाण्यातल्या दुकानांसमोर लागलेल्या रांगा मी पाहिल्या आहेत. त्या फोनमध्ये नंबर आतच भरलेला असे. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालण्याची सोय नव्हती, त्यामुळे फोन बदलायचा झाला तरी कंपनीच्या दारात जावे लागे. ते दिवस केव्हाच सरले, पण काही विक्रेते आजही ग्राहकाला तेच दिवस असल्यासारखे समजावतात आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

५जी फोनविषयी आपल्याला जे सांगितले गेले ते चुकीचे आहे. २०१९ च्या फोनमध्ये चालणारे आपले सिम बहुधा ४जीचेच असणार. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचे उद्घाटन झाले, तेव्हाच जिओ आणि एअरटेल या दोन्ही कंपन्यांनी सध्याच्या ४जी सिमवर ती सेवा मिळेल असे जाहीर केले होते. योजनेत ५जी डेटा समाविष्ट आहे की नाही हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कंपनीच्या ॲपमध्ये एका मिनिटात मिळते. ५जी नसले तरी नवा फोन ४जीवर उत्तम चालेल.

आता हिशेब पाहू. ७५० रुपयांवर १८ टक्के वस्तू आणि सेवा कर धरला तर महिन्याला ८८५ रुपये, म्हणजे चोवीस महिन्यांचे २१,२४० रुपये होतात. आपला सध्याचा वाटा करासह ३५४ रुपये, म्हणजे त्याच काळात ८,४९६ रुपये. फरक १२,७४४ रुपयांचा पडतो. चार हजारांची सूट मिळवण्यासाठी आपण पावणेतेरा हजार जादा भरणार आहात. तेवढ्या जादा डेटाची आपल्याला खरोखर गरज असती तर गोष्ट निराळी होती, परंतु आपल्या लिहिण्यातून तशी गरज दिसत नाही.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय आहे. १९०० या क्रमांकावर इंग्रजीत पोर्ट असा शब्द आणि त्यापुढे आपला नंबर लिहून संदेश पाठवला की एक संकेतांक येतो, तो चार दिवस वैध असतो. मात्र हा संकेतांक देण्यापूर्वी काही अटी तपासल्या जातात. त्या कंपनीत नव्वद दिवस पूर्ण झालेले असावेत, आलेले पोस्टपेड बिल भरलेले असावे, आणि करारात बाहेर पडण्याची जी अट असेल ती ग्राहकाने पूर्ण केलेली असावी. म्हणजे आपण चोवीस महिन्यांच्या कागदावर सही केली आणि उद्या नेटवर्क बिघडले, तर वीस वर्षे सांभाळलेला नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याच्या वाटेत तोच कागद आडवा येऊ शकतो. नुसत्या योजनेला असा अडसर नसतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या दरांविषयीच्या आदेशानुसार योजनेत नाव नोंदवल्यापासून सहा महिने कंपनीला त्या योजनेचे दर वाढवता येत नाहीत आणि ग्राहक मात्र त्या काळातही दुसरी योजना निवडू शकतो. म्हणून दुकानदाराकडे कराराची प्रत मागा, आणि मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास काय भरावे लागेल ते कलम सही करण्यापूर्वी स्वतः वाचा.

वर्तकनगरची शिक्षिका, ठाणे

आपले मनःपूर्वक आभार. फोन बंद करून स्टीलच्या रिकाम्या डब्यात, गॅलरीतल्या फरशीवर ठेवला आहे. आज शाळा सुटल्यावर पुन्हा दुकानात गेले आणि कराराची प्रत मागितली. आधी मला सांगण्यात आले की सही झाल्यानंतर प्रत ईमेलवर येते. मी आग्रह धरल्यावर विक्रेत्याने त्याच्या टॅबलेटवर अर्ज उघडून दाखवला. तिसऱ्या पानाच्या तळाशी, अक्षरे मोठी केल्यावर, असे वाचता आले की मुदतीपूर्वी योजना बदलल्यास किंवा नंबर बंद केल्यास फोनवर दिलेली संपूर्ण सवलत आणि त्याखेरीज ठरावीक शुल्क एकरकमी वसूल केले जाईल. तेवीस महिने भरले असले तरी संपूर्ण सवलत परत द्यायची का, असे मी विचारले. त्याला उत्तर माहीत नव्हते. करार मी नाकारला आहे. आता हप्त्यांविषयी कोणी सांगू शकेल का?

वाशीचा बँक कर्मचारी

मॅडम, आपण पान मोठे करून वाचले हे फार चांगले केले. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तेवढे कष्ट घेतात.

नो कॉस्ट ईएमआय म्हणजे व्याज नाही असे नव्हे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मज्जाव केला होता. तेव्हापासून रचना अशी असते की बँक नेहमीप्रमाणे व्याज आकारते आणि विक्रेता किंवा उत्पादक तेवढीच रक्कम किमतीत सूट म्हणून दाखवतो. समजा, २४,००० रुपयांचा फोन दरमहा २,००० रुपयांच्या बारा हप्त्यांत दिला आणि व्याजदर वार्षिक १५ टक्के आहे. मग कर्ज प्रत्यक्षात सुमारे २२,१६० रुपयांचे नोंदले जाते आणि उरलेले सुमारे १,८४० रुपये हे व्याज असते. क्रेडिट कार्डावर या व्याजावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे आणखी ३३१ रुपये, आणि प्रक्रिया शुल्क व त्यावरील कर वेगळा. हे पैसे विवरणपत्रात दर महिन्याला थोडेथोडे येत असल्यामुळे डोळ्यांत भरत नाहीत. वित्त कंपनीच्या साध्या कर्जावरील व्याजाला हा कर लागत नाही, परंतु तेथे प्रक्रिया शुल्क जास्त असण्याची शक्यता असते.

तरीही हप्ते वाईटच असतात असे मी म्हणणार नाही. हप्त्याचे कर्ज आपल्या नंबराला बांधलेले नसते. फोन हप्त्यावर आणि नंबर जुन्याच योजनेत, असे खुशाल करता येते. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे १ ऑक्टोबर २०२४ पासून, क्रेडिट कार्डावरील येणे वगळता, अशा नव्या किरकोळ कर्जांबरोबर मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे, आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एका आकड्यात लिहिलेला असतो. तो आकडा पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नये. दुसरी गोष्ट अशी की दुकानात उभ्याउभ्या मिळणाऱ्या कर्जाबरोबर काही वेळा फोनमध्ये एक ॲप घातले जाते, जे हप्ता चुकल्यावर फोन बंद पाडू शकते. तसे ॲप असणार का, हे आधीच स्पष्ट विचारावे. आणि रोख किंवा डेबिट कार्डाने भरल्यास किंमत किती, हा प्रश्न अवश्य विचारावा, कारण पुष्कळदा हप्त्याची निवड केली की रोखीवरची सूट जाते आणि खरा खर्च तेथेच होतो.

ऐरोलीचा वाचक

भाच्याच्या फोनविषयी मला कळकळीने लिहावेसे वाटते, कारण आमच्या घरी हेच घडले आहे. माझ्या बहिणीने अमेरिकेतून येताना आईसाठी तेथील एका मोठ्या कंपनीच्या योजनेतील फोन आणला. विमानतळावरून घरी येईपर्यंत सर्वजण आनंदात होते. आईचे सिम घातल्यावर पडद्यावर आले की हे सिम या फोनमध्ये चालणार नाही. फोन त्या कंपनीच्या नेटवर्कपुरता कुलूपबंद होता आणि हप्ते पूर्ण फिटल्याखेरीज कुलूप निघणार नव्हते. चौदा महिने तो कपाटात पडून राहिला आणि आई जुनाच फोन वापरत राहिली.

अमेरिकेत पूर्वी दोन वर्षांच्या सेवाकरारावर फोन अगदी कमी किमतीत देण्याची पद्धत होती. २०१३ मध्ये टी-मोबाइलने ती बंद केली आणि पुढे इतरही कंपन्या हप्त्यांकडे वळल्या. आता तेथे फोनची पूर्ण किंमत चोवीस किंवा छत्तीस हप्त्यांत विभागतात आणि सूट दर महिन्याच्या बिलात थोडीथोडी परत देतात, त्यामुळे मध्येच सेवा सोडली तर उरलेली सूट जाते आणि राहिलेले हप्ते देणे होतात. म्हणजे भाच्याला तेथे दोन-तीन वर्षे बांधून घ्यावे लागेल आणि कुलूपही बहुधा तोपर्यंत राहील. २०१४ पासून तेथील कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या फोनचे कुलूप काढून घेण्याची मुभा आहे, पण ती सहसा करार पूर्ण केल्यानंतरच उपयोगी पडते.

त्याला आणायचाच असेल तर पूर्ण किंमत भरून घेतलेला, कुलूप नसलेला फोन आणायला सांगा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील अबाउट या पानावर कॅरिअर लॉक असे लिहिलेले असते आणि त्यापुढे सिमवर निर्बंध नाहीत असा मजकूर दिसायला हवा. शिवाय २०२२ मधील आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिमचा कप्पाच नाही. फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेले सिम, चालते. अँड्रॉइड फोनच्या बाबतीत तो नमुना भारतात विकला जातो का आणि आपल्या कंपनीच्या व्होएलटीईवर (४जी नेटवर्कवरून कॉल करण्याच्या सोयीवर) त्याचे कॉल लागतात का, हे पाहावे लागेल. जिओचे कॉल मुख्यतः व्होएलटीईवर जातात, म्हणून ते न चालणाऱ्या फोनवर इंटरनेट मिळते आणि कॉल मात्र लागत नाही. एवढे सोपस्कार करून मिळणाऱ्या फोनची वॉरंटी येथे चालेलच अशी खात्री नसते. माझे मत विचाराल तर येथेच बिलासह घ्यावा.

खारघरची वाचक

वरील सर्व सल्ल्यांशी मी सहमत आहे. मला फक्त नंबर हलवण्याच्या दिवसाविषयी सांगायचे आहे. दुकानात हौसेने नवे सिम किंवा ई-सिम करून देऊ असे म्हणतात, ते गरज नसताना घेऊ नका. सिम बदलले की सुरक्षिततेसाठी चोवीस तास त्या नंबरावरील एसएमएस बंद राहतात. मी मागच्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी ई-सिम करून घेतले आणि शनिवारी सकाळी वडिलांना अचानक रुग्णालयात दाखल करावे लागले. पैसे खात्यात होते, पण ओटीपी येत नव्हता. शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या खात्यातून अनामत रक्कम भरली. तो नियम चांगल्यासाठीच आहे, कारण आपल्या नकळत कोणी आपले सिम काढून घेतले तर तेवढा वेळ खाते वाचते. पण तो आधी माहीत असायला हवा होता. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यानंतर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेण्याचा संकेतांकही मिळत नाही.

आपले सध्याचे सिम ठीक असेल तर तेच काढून नव्या फोनमध्ये घाला. त्यानंतरही यूपीआय ॲप नव्या फोनवर नोंदवल्यावर सुरुवातीला व्यवहाराची मर्यादा कमी असते, म्हणून घराचा हप्ता किंवा शाळेची फी भरायची असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

दुकानातून निघण्यापूर्वी नव्या फोनवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. इंग्रजीत केवायएम आणि त्यापुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की फोनचा नमुना आणि तो काळ्या यादीत आहे का, हे कळते. जुना फोन देताना पावतीवर त्याचाही आयएमईआय लिहून घ्या. तो फोन पुढे कोणाच्या हाती जाईल हे आपल्याला माहीत नसते, आणि इतकी वर्षे त्याच्याशी आपलाच नंबर जोडलेला आहे.

नौपाड्याचा निवृत्त दूरसंचार कर्मचारी

खारघरच्या ताईंनी फार मोलाचे लिहिले आहे. तक्रारीविषयी दोन वाक्ये राहिली होती. करारासह फोन स्वस्त देणे बेकायदा नाही. मात्र करार केल्याशिवाय फोन विकणारच नाही असे कोणी म्हणाले, तर एक सेवा घेतल्याशिवाय दुसरी वस्तू न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आपल्या बाबतीत विक्रेत्याने फोन नाकारला नाही, सिमविषयी चुकीची माहिती दिली. ती लेखी मागितली असती तर त्याने दिली नसती.

वर्तकनगरची शिक्षिका, ठाणे

सर्वांना कळवण्यास आनंद वाटतो की काम झाले. वाशीच्या सरांच्या सांगण्यावरून मी तीन दुकानांत रोखीची किंमत विचारली. राम मारुती रस्त्यावरील दुकानात तोच फोन डेबिट कार्डावर २५,४९९ रुपयांना मिळाला; हप्ते नाहीत, करार नाही. दुकानातच सिमचा कप्पा उघडून माझे जुने सिम घातले आणि यजमानांना कॉल लावून पाहिला. लागला. ५जीचे चिन्हही दिसले, ज्याची मला अपेक्षा नव्हती. कौटुंबिक योजना आहे तशीच आहे. भाच्यालाही कळवले आहे की त्याने स्वतःला बांधून घेऊ नये.

जुना फोन शेवटचा सुरू केला तेव्हा त्यात एकसष्ट टक्के चार्जिंग होते. फोटो आणि व्हॉट्सॲपवरील संभाषणे नव्या फोनवर उतरवायला पावणेदोन तास लागले आणि तोवर सत्तावीस टक्के उरले. बॅटरी फुगलेली असल्यामुळे एक्स्चेंजमध्ये तो कोणी घेतला नाही, म्हणून त्यातील सर्व माहिती पुसून तो फोन बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा केंद्रात ई-कचऱ्यासाठी जमा केला. पावती लिहिणाऱ्या मुलीला आयएमईआय लिहायला सांगितल्यावर ती म्हणाली की असे कोणी मागत नाही. तरी तिने पंधरा आकडे लिहिले, आणि मी ते खोक्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. बारावा आकडा चुकला होता, तो तिने खोडून सही करून दुरुस्त करून दिला.